शास्त्रपाठ : दमडी, फार्दिंग आणि पांचवी चिमणी

पाठ : मत्तय १०:२९–३१, लूक १२:६–७, मार्क १२:४१–४४



आपल्या उपदेशकांपैकीं जे इंग्रजी टीकाग्रंथ वाचतात, त्यांस एक अडचण वारंवार येते. एखादी वस्तु निरुपयोगी आहे असें सांगावयाचें झाल्यास इंग्रज लोक ती "फार्दिंगच्याही मोलाची नाहीं" असें म्हणतात. जें मुबलक म्हणून क्षुद्र, तें "पेनीला दोन" मिळतें. आपण "कवडीमोल" किंवा "दीड दमडीचा" म्हणतों, तसेंच हें होय.

फार्दिंग म्हणजे पेनीचा चौथा हिस्सा; त्या नांवाचा मूळ अर्थच "चौथाई" असा आहे. जुन्या हिशेबानें पौंडाच्या २४० पेनी, म्हणजे ९६० फार्दिंग होत. हें नाणें १९६० च्या अखेरीस बंद झालें, तरी तो वाक्प्रचार राहिला. आपल्याकडेही कवडी बाजारांतून गेली, पण जिभेवरून गेली नाहीं. अमेरिकेंत निराळीच गोष्ट घडली. तेथील काँग्रेसनें १७७५ पासून इंग्लंडशीं लढण्यासाठीं कागदी नोटा काढिल्या. त्यांच्यामागें सोनेंरुपें नव्हतें, म्हणून त्यांची किंमत घसरत गेली. आणि १७९० च्या कायद्यानें शंभर डॉलरांच्या नोटांस एक डॉलराचा रोखा मिळाला. त्या नोटांवरून "काँटिनेंटलच्याही लायकीचा नाहीं" ही म्हण त्या देशांत रूढ झाली.

आतां शास्त्राकडे वळूं. १६११ च्या इंग्रजी भाषांतरांत चिमण्यांच्या वचनांतही फार्दिंग आहे व विधवेच्या गोष्टींतही फार्दिंगच आहे. आपल्या मराठी शास्त्रांतही दोन्हीं स्थळीं दमडी आहे. परंतु मूळ ग्रीकांत हीं दोन निरनिराळीं नाणीं आहेत. चिमण्यांचें नाणें अस्सारियोन. विधवेचें कोद्रांतेस, म्हणजे त्याची चौथाई. सोळा अस्सारियोनांचा एक दिनार होई, व दिनार ही मजुराची एका दिवसाची मजुरी होती, हें मत्तयाच्या विसाव्या अध्यायावरून दिसतें. ज्यांनीं १९५७ पूर्वींचा हिशेब पाहिला किंवा वडिलांकडून ऐकिला आहे, त्यांस हें सोपें जाईल : रुपयाचे सोळा आणे, आण्याचे चार पैसे. दिनार म्हणजे रुपया, अस्सारियोन म्हणजे आणा, कोद्रांतेस म्हणजे पैसा, असें प्रमाण धरावें. विधवेच्या दोन टोल्या मिळून तो एक पैसा झाला. म्हणजे एका दिवसाच्या मजुरीचा चौसष्टावा भाग. तिच्याजवळ दोन टोल्या होत्या, एक ठेवितां आली असती, हें विसरूं नये.

मत्तय म्हणतो, दोन चिमण्या एका दमडीस. लूक म्हणतो, पांच दोन दमड्यांस. यांत विरोध नाहीं. दोन दमड्यांस चारच व्हावयाच्या. जास्त घेणारास दुकानदार एक वर टाकतो, जसा आपल्या बाजारांत मेथीच्या चार जुड्यांवर एखादी जुडी मिळते. म्हणजे त्या पांचव्या चिमणीस दमडीचीही किंमत नव्हती. आणि त्यांपैकीं एकीचाही देवास विसर पडत नाहीं, असें प्रभु म्हणतो.

आमच्या आजोबांस गांवच्या चावडीवर "दीड दमडीचा" म्हणत, आणि तें ते मान खालीं घालून ऐकत. तोच शब्द मीं एकदां मंडळीच्या पंचांत ऐकिला. एका वृद्ध बाईनें कापणीच्या सणास ओंजळभर जोंधळे आणिले होते, आणि लिलांवाच्या वेळीं एक बंधु हंसून तसें बोलला. बाई जवळच बसली होती. मीं त्या वेळीं कांहीं बोललों नाहीं. तें मला अजून टोंचतें.

उपदेशकांनीं हा पाठ शिकवितांना पांच खडे न्यावे. दोन दोन खड्यांपुढें एकेक पैसा ठेवावा, आणि उरलेल्या खड्याचा भाव काय, तें मुलांसच विचारावें.