जुन्या व्हॅनचे दोष व त्यांची परीक्षा

यंत्राचा दोष दूर करणें ही हातांची विद्या आहे. तो दोष ओळखणें ही बुद्धीची विद्या आहे. दुसरीवांचून पहिली व्यर्थ होय. ‘आग रामेश्वरीं व बंब सोमेश्वरीं’ या म्हणीचा प्रत्यय जुन्या गाडीच्या मालकास वारंवार येतो. बॅटरीची तार सैल असावी, आणि त्यानें नवी बॅटरी विकत आणावी! म्हणून, विद्यार्थिमित्रहो, एका परिचित गाडीच्या उदाहरणानें आपण दोषपरीक्षेची रीत पाहूं.

मारुती व्हॅन १९८४ सालीं बाजारांत आली, १९८८ सालीं तिचें नांव ओम्नी झालें आणि २०१९ सालीं तिचें उत्पादन थांबलें. तथापि ती आपल्या जिल्ह्यांत अद्यापि दृष्टीस पडते. तिचें ७९६ घन सेंटिमीटरचें, तीन सिलिंडरांचें एंजिन पुढील बैठकीखालीं असतें. जुन्या नमुन्यांत पेट्रोल व हवा यांचें मिश्रण कार्ब्युरेटर करतो. पेट्रोल, हवा, सिलिंडरांतील दाब आणि योग्य वेळीं पडणारी ठिणगी, यांपैकीं एकाची जरी उणीव असली तरी एंजिन चालत नाहीं.

पहिला दोष गाडी सुरू न होण्याचा. किल्ली फिरवूनही एंजिन फिरत नसेल, तर दिवे लावून पाहावे. दिवे मंद असल्यास बॅटरीच्या टोकांवर पांढरी किंवा हिरवट भुकटी जमली आहे काय, तें तपासावें. टोकें स्वच्छ करून घट्ट आवळल्यानें पुष्कळदां काम भागतें. एंजिन फिरतें पण पेटत नाहीं, असें असल्यास स्पार्क प्लग काढून पाहावा. प्लग पेट्रोलानें ओला असेल तर संशय ठिणगीवर घ्यावा. कोरडा असेल तर पेट्रोलाच्या वाटेवर. काळी काजळी दिसल्यास पेट्रोल अधिक व हवा थोडी, असें समजावें. आपल्याकडील धुळीनें हवेची गाळणी तुंबणें हें याचें एक नेहमींचें कारण आहे.

दुसरा दोष एंजिन तापण्याचा. भर उन्हाळ्यांत इमामपूरचा किंवा करंजीचा घाट चढतांना तो प्रकट होतो. येथें एक प्रश्न विचारावा: गाडी केव्हां तापते? उभी असतां तापून धांवूं लागतांच निवत असेल, तर रेडिएटरचा पंखा फिरत नसावा. धांवतांनाही तापत असेल, तर पाण्याचा अभाव, सैल पट्टा, अडकलेला थर्मोस्टॅट किंवा तुंबलेला रेडिएटर, यांचा क्रमानें शोध घ्यावा. विहिरींचें जड पाणी वर्षानुवर्षें घातल्यास रेडिएटरच्या नळ्यांत क्षारांचा थर बसतो. तापलेल्या रेडिएटरचें झांकण मात्र कदापि उघडूं नये. आंतील पाणी दाबाखालीं असल्यामुळें शंभर अंशांहून अधिक तापलेलें असूं शकतें. दाब सुटतांच तें उसळून तोंडावर येतें. एंजिनचें तेल दुधाळ दिसलें, तर त्यांत पाणी मिसळलें असें जाणून गाडी चालवूं नये.

तिसरा दोष ब्रेकचा. पायाखालीं पेडल मऊ लागून खोल जात असेल, तर ब्रेकचें तेल गळत आहे किंवा नळींत हवा शिरली आहे. दोनतीनदां दाबल्यानें पेडल वर येतें खरें, परंतु तो दोष गेला असें नव्हे. ब्रेक लावतांच गाडी एका बाजूस ओढली जात असल्यास दोन्ही बाजूंच्या चाकांचे ब्रेक सारखे लागत नाहींत. पेट्रोलाचा वास आल्यासही एंजिन तत्काळ बंद करून सर्वांस खालीं उतरवावें. एंजिन बैठकीखालींच आहे, हें विसरूं नये.

या सर्वांतून तीन नियम निघतात. सोप्या व स्वस्त कारणापासून आरंभ करावा. एका वेळीं एकच फेरफार करून परिणाम पाहावा. एकदम चार भाग बदलल्यास मूळ दोष कोणता होता, हें कधींच कळत नाहीं. आणि जें केलें तें वहींत टिपून ठेवावें.

नगरजवळील वाहन संशोधन व विकास संस्थेंत वाहनांची कसोटी उपकरणांनीं घेतात. जुन्या व्हॅनची कसोटी तिच्या चालकानेंच रोज सकाळीं घ्यावयाची असते. अशा कित्येक गाड्यांतून शाळेचीं मुलें जातात. पाण्याची उणीव थांबल्यावर भरून काढतां येते. ब्रेकची उणीव घाटाच्या उतारावर भरून काढतां येत नाहीं. म्हणून ब्रेकविषयीं संशय असेल, त्या दिवशीं गाडी दारांतच उभी ठेवावी आणि मिस्त्रीस बोलवावें.