रक्त पातळ ठेवणाऱ्या औषधाचा हिशेब

हृदयाची झडप बदलण्याची शस्त्रक्रिया यशस्वी झाली म्हणजे उपचार संपला, असा समज सर्वत्र आढळतो. वस्तुतः यांत्रिक झडप बसविलेल्या रुग्णाचे त्या दिवशी एक नवे खाते उघडते व ते आयुष्यभर चालू राहते. अशा झडपेवर रक्ताची गुठळी धरू शकते. ती तेथेच अडकली तर झडप बंद पडते. मेंदूकडे गेली तर पक्षाघात होतो. हे टाळण्यासाठी वॉरफरिन किंवा आपल्याकडे प्रचलित असलेले असेनोकुमॅरॉल हे औषध नित्य घ्यावे लागते.

‘रक्त पातळ करणारे’ हे नाव रूढ असले तरी या औषधाने रक्त पाण्यासारखे होत नाही. जीवनसत्त्व ‘के’च्या साहाय्याने यकृतात तयार होणारे, रक्त गोठविणारे काही घटक त्यामुळे कमी होतात. १९२० च्या दशकात अमेरिका व कॅनडात ‘स्वीट क्लोव्हर’ नावाचा बुरशी लागलेला चारा खाऊन गुरे रक्तस्रावाने दगावत. विस्कॉन्सिन विद्यापीठातील कार्ल लिंक व त्यांच्या सहकाऱ्यांनी त्यातील द्रव्य शोधले. त्यावरील संशोधनातून वॉरफरिन निघाले. ते १९४८ मध्ये उंदीरनाशक म्हणून बाजारात आले आणि १९५४ पासून माणसांच्या उपचारांत वापरले जाऊ लागले. तारक काय आणि मारक काय, हे येथे केवळ मात्रा ठरविते.

ही मात्रा योग्य आहे की नाही, हे ‘आय.एन.आर.’ या तपासणीने कळते. रक्त गोठण्यास लागणारे सेकंद प्रत्येक प्रयोगशाळेत वापरल्या जाणाऱ्या रसायनाप्रमाणे बदलतात. समजा, निरोगी व्यक्तीचे १३ व रुग्णाचे २६ सेकंद आले, तर एका रसायनानुसार आय.एन.आर. २ येईल, तर कमी संवेदनशील रसायनानुसार तो २.८ ठरू शकेल. खंडी, मण आणि क्विंटल एका मापात आणल्यावाचून कापसाचा हिशेब जुळत नाही, तसेच हे आहे. म्हणून जागतिक आरोग्य संघटनेने १९८३ मध्ये ही समान पद्धत पुरस्कृत केली. पुष्कळ रुग्णांत हा आकडा २ ते ३, तर मायट्रल जागी यांत्रिक झडप असल्यास सामान्यतः २.५ ते ३.५ अपेक्षित असतो. आकडा खाली गेला तर गुठळीचे भय, फार वर गेला तर रक्तस्रावाचे.

आपल्या वऱ्हाडात आकडा हलण्याची कारणे घरातच असतात. हिवाळ्यात हरभऱ्याची भाजी, मेथी व पालक ताटात एकदम वाढतात, तेव्हा जीवनसत्त्व ‘के’ वाढून औषधाचा परिणाम घटतो. श्रावण वा नवरात्रातील उपवासांत आहार घटला की उलट घडू शकते. पालेभाजी वर्ज्य करू नये. तिचे प्रमाण सारखे ठेवावे. अंगदुखीसाठी दुकानातून परस्पर आणलेल्या गोळ्या, काही प्रतिजैविके, क्षयरोगावरील रिफॅम्पिसिन व अज्ञात घटकांची चूर्णे यांनीही हिशेब बिघडतो. म्हणून कोणतेही नवे औषध घेण्यापूर्वी डॉक्टरांना विचारावे.

शस्त्रक्रियेचा भार हलका करणारी राजीव गांधी जीवनदायी आरोग्य योजना २ जुलै २०१२ रोजी अमरावतीसह आठ जिल्ह्यांत आणि नोव्हेंबर २०१३ मध्ये अकोल्यासह राज्यभर लागू झाली. २०१७ पासून तिला महात्मा जोतीराव फुले यांचे नाव आहे. परंतु धारणी किंवा तेल्हाऱ्याच्या मजुरास पुढील प्रत्येक तपासणीसाठी बसभाडे मोजावे लागते आणि दिवसाची मजुरीही बुडते. एक खेप चुकते, मग दुसरी, आणि लाखोंच्या खर्चाने वाचविलेला जीव काहीशे रुपयांसाठी धोक्यात येतो.

तपासणी न लागणारी नवी औषधे निघाली आहेत. तथापि यांत्रिक झडपेसाठी ती चालत नाहीत. डॅबिगॅट्रान या औषधाची अशा रुग्णांवरील चाचणी अपाय दिसल्याने थांबवावी लागली व तिचे निष्कर्ष २०१३ मध्ये प्रसिद्ध झाले. संधिवाताच्या तापाने झडपा खराब होऊन हृदयाची लय अनियमित झालेल्या रुग्णांतही, २०२२ च्या मोठ्या चाचणीत रिव्हरॉक्सॅबॅनपेक्षा जुनीच औषधे सरस ठरली. म्हणजे तपासणीला तूर्त पर्याय नाही.

रुग्णाच्या कुटुंबीयांस विनंती की, एका वहीत तारीख, आय.एन.आर., गोळीची मात्रा व पुढील तपासणीचा दिवस लिहावा. गोळी रोज ठरलेल्या वेळी द्यावी. एक दिवस चुकल्यास दुसऱ्या दिवशी दुप्पट देऊ नये. हिरड्यांतून रक्त, काळी शौच, लाल लघवी, डोक्याला मार, तोंड वाकडे होणे वा बोलणे अडखळणे यांपैकी काहीही घडल्यास तत्काळ रुग्णालयात आणावे. विवाहित स्त्रियांनी गर्भधारणेपूर्वीच डॉक्टरांचा सल्ला घ्यावा, कारण या औषधाने गर्भास इजा होऊ शकते.

विश्वस्त व देणगीदारांपुढे हिशेबाचीच गोष्ट ठेवतो. शस्त्रक्रिया हा एकवेळचा खर्च आहे, तपासणी हा आवर्ती. आवर्ती खर्च एकवेळच्या देणगीने भागत नाही. त्यासाठी कायम निधी व त्याचे व्याज हवे. तपासणी व प्रवासभाडे यांसाठी असा निधी उभा राहिल्यास, आधी दिलेल्या प्रत्येक देणगीचे खऱ्या अर्थाने चीज होईल.