इंग्रजी वाक्प्रचार : अर्थ आणि वापर



गडमुडशिंगीत मराठी माध्यमातून शिकून पुढे कोल्हापूरला कॉलेजात जाणाऱ्या मुलांचे इंग्रजी बहुधा व्याकरणापाशी अडत नाही, ते वाक्प्रचारापाशी अडते. शब्द सारे ओळखीचे असतात, पण अर्थ लागत नाही. कारण वाक्प्रचाराचा अर्थ म्हणजे शब्दांची बेरीज नव्हे. 'पोटात कावळे ओरडतात' हे परक्याला शब्दशः सांगून पाहा, म्हणजे ही अडचण ध्यानात येईल. अभ्यासाच्या सोयीसाठी वाक्प्रचारांचे तीन गट करावेत.

१) जुळणारे : 'किल टू बर्ड्स विथ वन स्टोन' म्हणजे एका दगडात दोन पक्षी मारणे. 'ॲड फ्युएल टू द फायर' म्हणजे आगीत तेल ओतणे. 'क्रोकोडाइल टिअर्स' म्हणजे नक्राश्रू. हे सहज लक्षात राहतात.

२) अर्थ तोच, चित्र वेगळे : 'बर्न द मिडनाइट ऑइल' म्हणजे मध्यरात्रीपर्यंत दिव्याचे तेल जाळणे; आपण रात्रीचा दिवस करतो. 'थ्रो इन द टॉवेल' म्हणजे हार मानणे. मुष्टियुद्धात खेळाडूचा मार्गदर्शक रिंगणात टॉवेल टाकून पराभव मान्य करतो, त्यावरून हा वाक्प्रचार आला. आपल्याकडे राजर्षी शाहू महाराजांनी खासबाग मैदान उभारले. कुस्तीच्या अशा परंपरेतून आपल्याला 'शड्डू ठोकणे', 'चीतपट करणे' मिळाले. 'ॲट द इलेव्हन्थ अवर' म्हणजे ऐनवेळी. बायबलमधील एका गोष्टीत दिवसाच्या अकराव्या तासाला, म्हणजे संध्याकाळी पाचच्या सुमारास, कामावर घेतलेल्या मजुरांनाही पूर्ण मजुरी मिळते.

३) फसवे : येथे विशेष सावध राहावे. 'पुल समवन्स लेग' म्हणजे थट्टा करणे. मराठीत 'पाय ओढणे' म्हणजे पुढे जाणाऱ्याला मागे खेचणे. मुलाखतीत एखाद्याने आपल्यावरील अन्याय सांगताना हा वाक्प्रचार वापरला, तर ऐकणारा ती गंमत समजेल आणि खरे दुःख हसण्यावारी जाईल. तसेच 'ब्रेक अ लेग' ही धमकी नसून रंगमंचावर जाणाऱ्या कलाकाराला दिलेली शुभेच्छा आहे.

वापराचे नियम थोडेच आहेत. वाक्प्रचारातील शब्द बदलू नयेत. टॉवेलच्या जागी नॅपकिन चालत नाही. नोकरीच्या अर्जात व कार्यालयीन पत्रात साधे, सरळ इंग्रजीच लिहावे. अर्थाची खात्री नसेल तर वाक्प्रचार टाळावा; साध्या वाक्याने कोणाचे नुकसान होत नाही.

प्रत्येकाने एक वही करावी. आठवड्याला पाच वाक्प्रचार, प्रत्येकासमोर मराठी अर्थ आणि आपल्या रोजच्या जीवनातील एक वाक्य लिहावे. वर्षाला दोनशे साठ होतात. घरातील मोठ्यांनी रात्री जेवताना त्यांतील एखादा विचारावा. स्वतःला इंग्रजी येत नसले तरी मराठी अर्थावरून उजळणी घेता येते. चुकेल या भीतीने गप्प बसणाऱ्यापेक्षा चुकत-माकत बोलणाराच भाषा लवकर शिकतो.