समाजकार्य विभागाचे प्रमुख दिवसभर करतात तरी काय?

प्रश्न : माझी भाची यंदा एमएसडब्ल्यूला आहे. आठवड्यातले दोन दिवस ती कॉलेजात न जाता वस्तीत जाते. मुलंच बाहेर असली तर विभागाच्या प्रमुखांना काम तरी काय उरतं? आणि मनातलं विचारतो, समाजसेवेला विद्यापीठाची पदवी हवीच कशाला? गाडगेबाबांनी कुठे घेतली होती?
– एक वाचक, बार्शी

उत्तर : दुसरा प्रश्न आधी घेते, कारण पहिल्याचं उत्तर त्यातच आहे.

गाडगेबाबांना पदवीची गरज नव्हती. ते गावात शिरत, हातातल्या खराट्याने आधी रस्ता झाडत आणि मग कीर्तनाला उभे राहत. गावाने त्यांना पारखूनच आपलं मानलं होतं. तुमच्या भाचीला मात्र त्या वस्तीत कुणी ओळखत नाही. विशीतली मुलगी अनोळखी दारात उभी राहते आणि मुलाची शाळा का सुटली, डोक्यावर कर्ज किती, नवरा हात उगारतो का, असं विचारते. सख्ख्या बहिणीपाशी जे बोलत नाहीत ते लोक तिला सांगतात. हा अधिकार तिला येतो कुठून? तिच्या पिशवीतल्या एका पत्रातून. विद्यार्थिनीला आपल्या संस्थेत क्षेत्रकार्याची संधी द्यावी, अशी विनंती त्यात असते आणि खाली विभागप्रमुखांची सही असते. मी काही वर्षं ती सही केली आहे. त्या सहीला जागणं हेच या पदाचं खरं काम.

आपल्याकडे या शिक्षणाची सुरुवातच वस्तीतून झाली. १९३६ मध्ये मुंबईत सर दोराबजी टाटा ग्रॅज्युएट स्कूल ऑफ सोशल वर्क सुरू झालं. आज आपण त्याला 'टिस' म्हणजे टाटा समाजविज्ञान संस्था म्हणतो. पहिले संचालक क्लिफर्ड मॅनशार्ट हे अमेरिकन मिशनरी. ते आधीपासून नागपाड्यात नेबरहूड हाऊस चालवत होते. म्हणजे वस्तीतलं काम आधी, वर्ग मागून. पुढे मुंबईत १९५५ मध्ये निर्मला निकेतन आणि पुण्यात १९६३ मध्ये कर्वे समाजसेवा संस्था आली. तुम्हाला पडलेला पदवीचा प्रश्न शिकागोतही पडला होता. तिथली समाजकार्याची स्वतंत्र शाळा १९२० मध्ये विद्यापीठात सामील झाली आणि १९२४ मध्ये एडिथ ॲबट तिच्या डीन झाल्या. समाजकार्यकर्त्याचा शब्द दुसऱ्याच्या आयुष्याचा निर्णय ठरवू शकतो. म्हणून त्याला कायदा, अर्थकारण आणि संशोधनाची शिस्त हवी, नुसतं चांगलं मन पुरत नाही, असा त्यांचा आग्रह होता. मला तो आजही पटतो.

आता प्रमुखांच्या दिवसाकडे येऊ. वर्ष सुरू झालं की मुलांना वेगवेगळ्या संस्था दाखवायच्या आणि मग प्लेसमेंटची यादी करायची. कोण सरकारी रुग्णालयात जाईल, कोण बालगृहात, कोण ऊसतोड कामगारांच्या मुलांच्या शाळेत? घरात दारूचा त्रास सोसलेल्या मुलाला पहिल्याच वर्षी व्यसनमुक्ती केंद्रात पाठवायचं का? यादीतल्या प्रत्येक नावामागे असा विचार करावा लागतो. संस्थेत शिकवणारं माणूस आहे का, तेही पाहावं लागतं. एका संस्थेत आमच्या मुली महिनोन्‌महिने पाकिटं चिकटवत आणि संगणकात आकडे भरत बसल्या होत्या. मला ते उशिरा कळलं. मी त्यांना तिथून काढलं, पण त्यांचं अर्धं वर्ष वाया गेलं ते गेलंच. तेव्हापासून संस्थेला स्वतः भेट दिल्याशिवाय मी पत्रावर सही केली नाही.

याशिवाय मंत्रालयापर्यंतचा पत्रव्यवहार असतो. महाराष्ट्रातल्या अनुदानित समाजकार्य महाविद्यालयांना अभ्यासक्रम आणि पदवी विद्यापीठाची, पण पगाराचं अनुदान सामाजिक न्याय विभागाचं. त्यामुळे प्रमुखांना दोन्ही दारं सांभाळावी लागतात. वकिलांना बार कौन्सिल असते. समाजकार्याच्या एकूण व्यवसायाला देशात तशी वैधानिक परिषद नाही. म्हणून चुकीच्या कामाला पहिला आणि बऱ्याचदा शेवटचा अटकाव विभागातच व्हायला हवा.

तो होतो अहवालाच्या वहीत. मुलं दर आठवड्याला केलेलं काम लिहून आणतात; त्यावर पर्यवेक्षक शिक्षक एकेकाला समोर बसवून बोलतात. आमच्याकडे या 'इंडिव्हिज्युअल कॉन्फरन्स'ला नुसतं 'आयसी' म्हणतात. एकदा एका वहीत दोनच वाक्यं होती : 'महिला सहकार्य करत नाही. समुपदेशन केले.' मी विचारलं, "तू गेलीस तेव्हा ती काय करत होती?" मुलगी म्हणाली, "नळाला पाणी आलं होतं, ती हंडे भरत होती." "मग तू काय केलंस?" "मी प्रश्नावली काढली." पुढच्या आठवड्यात ती पाणी येऊन गेल्यावर गेली, प्रश्नावली पिशवीतच ठेवून. बाईने आपणहून रेशनकार्ड पुढे केलं. सुनेचं नाव त्यात चढलं नव्हतं आणि कुणाकडे जायचं ते तिला ठाऊक नव्हतं. त्या दिवशीचा अहवाल चार पानांचा झाला आणि त्यात 'समुपदेशन' हा शब्द एकदाही आला नाही. व्यक्तिसहाय्य कार्याचा धडा वर्गात शिकवून झाला होता, पण तो कळला त्या हंड्यांपाशी.

प्रमुखाने क्षेत्रकार्य मनापासून जपलं तर त्यातून केवढं काम उभं राहतं, याची उदाहरणं मुंबईतच आहेत. पोलिस ठाण्यात येणाऱ्या अत्याचारग्रस्त स्त्रियांसाठी 'टिस'ने मुंबई पोलिसांच्या साथीने १९८४ मध्ये विशेष कक्ष सुरू केला. मुलांच्या मदतीसाठीचा १०९८ हा फोन क्रमांक आपल्याला ठाऊक आहे. ती चाइल्डलाइनही १९९६ मध्ये 'टिस'चाच क्षेत्रप्रकल्प म्हणून मुंबईत सुरू झाली. या काळातल्या डॉ. अर्मैती देसाई आधी निर्मला निकेतनच्या प्राचार्य होत्या, मग 'टिस'च्या संचालक झाल्या आणि पुढे विद्यापीठ अनुदान आयोगाच्या अध्यक्ष. समाजकार्याचं शिक्षण चालवण्याचा अनुभव देशाच्या उच्चशिक्षणाला कामी आला तो असा.

वर्षाच्या शेवटचं काम सगळ्यात अवघड. मुलांना वस्तीतून नीट निरोप घ्यायला शिकवावं लागतं. वर्षभर मन मोकळं केलेल्या माणसाला एक दिवस ती मुलगी दिसेनाशी झाली, तर ती फसवणूकच. म्हणून निघण्याआधी महिनाभर सांगायचं, अर्धी राहिलेली कामं संस्थेकडे सोपवायची आणि पुढच्या मुलाला दार दाखवायचं. पुढच्या जूनमध्ये त्याच दारावर विभागाचं नवं पत्र जाणार असतं.

म्हणून एक विनंती. भाची संध्याकाळी दमून घरी आली की तिला चहा द्या, दिवस कसा गेला ते विचारा. पण कुणाच्या घरात काय घडलं हे खोदून विचारू नका. तिने हसून विषय बदलला, तर तिला परकं मानू नका. तिच्यावर विश्वास टाकलेल्या एका अनोळखी घराची ती राखण करते आहे, आणि तिचे विभागप्रमुखही त्या दिवशी हेच करत होते.