औंढ्याचा पत्ता, परदेशाचं टपाल

बोलणं व्हॉट्सॲपवर भागतं. मुखत्यारपत्र, राखी आणि मेतकूट मात्र अजून टपालानेच जातं. लेकरं परदेशी असलेल्या औंढेकरांसाठी आणि तिकडून पाकीट पाठवणाऱ्या त्या लेकरांसाठीही हे चार शब्द.

काय करावे

• गावाचं नाव 'औंढा नागनाथ' असं पूर्ण लिहा. पुण्यात एक औंध आहे, सातारा जिल्ह्यात दुसरं. इंग्रजीत शेवटचा 'ए' गळला की पाकीट तिकडे निघालंच समजा. जिल्हा हिंगोली. १ मे १९९९ला तो परभणीतून वेगळा झाला, तरी जुन्या वह्यांतले पत्ते अजून परभणीतच आहेत.

• पिन ४३१७०५. ही पिनची पद्धत आपल्या श्रीराम भिकाजी वेलणकरांची, १५ ऑगस्ट १९७२पासूनची. त्याखाली घरच्या माणसाचा चालू मोबाइल नंबर लिहा.

• आखातात पाठवताना पी.ओ. बॉक्स नंबर मागून घ्या. तिथे साधी पत्रं बहुधा बॉक्समध्येच पडतात, खोलीच्या दारापर्यंत येत नाहीत.

• शेताच्या व्यवहारासाठी परदेशातून मुखत्यारपत्र येणार असेल, तर ते तिथल्या भारतीय दूतावासातून साक्षांकित करून मूळ प्रतच पाठवायला सांगा, तीही ट्रॅकिंग असलेल्या टपालाने. ते महाराष्ट्रात पोचल्यापासून तीन महिन्यांत त्यावर मुद्रांक शुल्क भरावं लागतं. कधी पोचलं याचा पुरावा म्हणजे पाकिटावरचे शिक्के. पाकीट फाडून चुलीत घालू नका!

• कस्टमच्या फॉर्मवर वस्तू, वजन, किंमत इंग्रजीत सुटी सुटी लिहा. नुसतं 'प्रसाद' लिहिलं तर तिकडच्या अधिकाऱ्याने काय समजावं? 'साखरफुटाणे, २०० ग्रॅम' असं लिहा.

• त्या देशाचं बुकिंग चालू आहे का, हे डबा पॅक करण्याआधी विचारा. ऑगस्ट २०२५मध्ये अमेरिकेने ८०० डॉलरपर्यंतच्या मालाची करमाफी काढली, तेव्हा तिकडचं आपलं टपाल ऑक्टोबरपर्यंत अडकलं होतं.

काय टाळावे

• नागनाथाला वाहिलेला बेल ऑस्ट्रेलियाला धाडू नका. ताजी पानं, बियाणं, घरचं तूप यांवर तिथले जैवसुरक्षावाले फार कडक. वसमतच्या हळदीचा मोह होणारच. मग निदान सीलबंद, छापील पाकिटातली पूड घ्या, शेतातली हळकुंडं नकोत.

• खसखस दुबईला किंवा सिंगापूरला अजिबात नको. आपल्याकडचा अनारशांचा जिन्नस तिथे अमली पदार्थांच्या कायद्यात येतो, आणि ज्याच्या नावावर डबा असतो तो अडकतो.

• नोटा, अत्तर, सुटी पॉवर बँक पार्सलात नको.

• पावती पार्सल पोचेपर्यंत टाकू नका. तेरा अक्षर-अंकांचा तो नंबर नसेल तर चौकशी कशाच्या जोरावर करणार?

• 'भेट आहे, तिला कर कसला?' या भरवशावर परदेशातून वस्तू मागवू नका. डिसेंबर २०१९पासून टपालाने आलेल्या भेटवस्तूंना करमाफी नाही. अपवाद जीवरक्षक औषधं आणि राखी यांचा. बहिणीची राखी बिनकराची येईल, तिच्यासोबतच्या घड्याळावर मात्र कर पडेल.