कोंबडीखाद्यात नुसते प्रोटीन पाहू नका

आम्ही कापडवाले. ताणा भरपूर असून बाणा संपला तर थान तिथेच अडते, हे आम्हाला ठाऊक. तरी भावाच्या ब्रॉयलर शेडसाठी खाद्य घेताना आम्ही पोत्यावरचा प्रोटीनचा आकडाच पाहिला. पिल्ले खात होती, वजन धरत नव्हती, पिसेही विरळ.

मक्यात लायसिन कमी. सोयापेंडीत ते भरपूर, पण मेथिओनिन अपुरे. एक अमिनो आम्ल कमी पडले की बाकीची वाया जातात, विष्ठेतला नायट्रोजन वाढतो आणि शेडमध्ये अमोनिया साचतो.

अमेरिकेच्या राष्ट्रीय संशोधन परिषदेने १९९४ साली पहिल्या तीन आठवड्यांसाठी खाद्यात लायसिन १.१० व मेथिओनिन ०.५० टक्के सांगितले. पुढच्या तीनसाठी १.०० व ०.३८. व्यापारी बंधूंनी हे दोन आकडे विचारूनच पोते उचलावे. वरून घालायचे मेथिओनिन टनामागे साधारण दोन-तीन किलोच लागते.