उद्योगाचे भांडवल आणि सरकारी साहाय्य

गावातील एखाद्या होतकरू तरुणास तेलघाणी घालावयाची असते, एखाद्या विधवा भगिनीस शिवणकामाचे दुकान मांडावयाचे असते. हात तयार असतात, पण भांडवल नसते. अशा वेळी पूर्वी सावकाराचे एकच दार ठाऊक असे. आज दुसरीही दारे आहेत. ती कोणती, याचा विचार नाचणगावच्या विद्यार्थ्यांसाठी व त्यांच्या पालकांसाठी येथे करण्याचे आम्ही योजिले आहे.

प्रथम तत्त्व पाहू. गेल्याच्या आधीच्या शतकात जर्मनीत फ्रीडरिख रायफायझेन या नावाचे एक श्रद्धाळू ख्रिस्ती ग्रामाधिकारी होऊन गेले. दुष्काळात त्यांनी श्रीमंतांच्या देणग्यांवर गरिबांचे साहाय्य चालविले. परंतु केवळ दानाने मनुष्य स्वतःच्या पायांवर उभा राहत नाही, हे त्यांस अनुभवाने कळले. म्हणून १८६४ साली त्यांनी हेडेस्डॉर्फ येथे सभासदांच्या परस्पर जामिनकीवर पतपेढी उभारली. आपल्या देशातील १९०४ च्या सहकारी पतपेढ्यांच्या कायद्यास याच कार्याचा आधार होता. आपल्या वर्धा शहरातही १९३४ साली महात्मा गांधींनी अखिल भारत ग्रामोद्योग संघ स्थापिला, मगनवाडीत श्री. कुमारप्पा यांनी त्याचा कारभार पाहिला.

आता व्यवहार पाहू. ग्रामपंचायत ही काही पेढी नव्हे. ती उद्योगास कर्ज देत नाही. परंतु अर्जास लागणारे काही दाखले तिच्याकडून मिळतात. जिल्हा परिषदेचा महिला व बालकल्याण विभाग शिलाईयंत्रासारख्या साधनांच्या योजना राबवितो. मोठ्या कामासाठी वर्ध्याचे जिल्हा उद्योग केंद्र गाठावे लागते. २००८ साली सुरू झालेल्या पंतप्रधान रोजगार निर्मिती कार्यक्रमाचे अर्ज अशाच केंद्रांमार्फत घेतले जाऊ लागले.

या कार्यक्रमाचे २०२२ साली सुधारलेले नियम नाचणगावकरांनी विशेष लक्षात घेण्याजोगे आहेत. पंचायतीच्या हद्दीतील क्षेत्र ग्रामीण धरावे, असे त्यांत ठरले. ग्रामीण भागात सर्वसाधारण अर्जदारास शेकडा २५, आणि स्त्रिया, मागासवर्गीय, अल्पसंख्याक इत्यादिकांस शेकडा ३५ अनुदान. शहरी भागात तेच अनुक्रमे १५ व २५. म्हणजे पुलगाव नगरपरिषदेच्या हद्दीत व शेजारच्या पंचायतीच्या हद्दीत एकाच धंद्याचा हिशेब निराळा होतो.

विद्यार्थ्यांनी हे गणित करून पाहावे. एका भगिनीने पंचायतीच्या हद्दीत २,००,००० रुपयांचा उद्योग काढला.

स्वतःचा वाटा, शेकडा ५ : १०,००० रु.
बँकेचे कर्ज : १,९०,००० रु.
त्यापैकी अनुदानाने फिटणारे : ७०,००० रु.
तिने स्वतः फेडावयाचे : १,२०,००० रु. व त्यावरील व्याज.

हेच दुकान शहराच्या हद्दीत मांडल्यास अनुदान ५०,००० रुपये होईल व फेडावयाची रक्कम २०,००० रुपयांनी वाढेल.

येथे एक गैरसमज दूर करणे अवश्य आहे. अनुदान रोख हाती पडत नाही. ते बँकेत तीन वर्षे ठेव म्हणून राहते. तेवढ्या कर्जावर व्याज आकारले जात नाही, आणि उद्योग चालू असल्याची खात्री पटल्यावरच ते कर्जात वळते होते. म्हणून अनुदानाच्या आशेने कर्ज काढून ते लग्नकार्यात खर्चणारा मनुष्य अनुदानास मुकतो आणि कर्ज मात्र त्याच्या माथी राहते.

नियम वेळोवेळी बदलतात. यास्तव अर्जापूर्वी चालू नियम उद्योग केंद्रात स्वतः जाऊन विचारावेत, मध्यस्थास पैसे देऊ नयेत. जमाखर्चाची वही पहिल्या दिवसापासून ठेवावी. घरात वडील मंडळींस हिशेबाची सवय नसेल, तर ते काम शाळेत शिकणाऱ्या मुलामुलींनी आनंदाने पत्करावे.

बुरूज बांधण्यापूर्वी बसून खर्च मोजणाऱ्या मनुष्याचा दृष्टांत आपण शुभवर्तमानात वाचतो. सरकारचे साहाय्य हे शिडीप्रमाणे आहे. ती भिंतीस लावून मिळेल, पण चढावयाचे आपणांसच. श्रम, सचोटी व चोख हिशेब ही तीन जवळ असतील, तर अल्प भांडवलही पुरे पडते, असे आमचे मत आहे.